आधी भट्टी, मग पिणारा

राळेगणसिद्धीचे नाव निघाले की नालाबांध, पाझर तलाव आणि हिरवी शिवारे डोळ्यांपुढे उभी राहतात. पारनेर तालुक्यातील या अवर्षणग्रस्त गावात पाणी अडवण्याआधी दारू अडवावी लागली होती, हे मात्र सहसा आठवत नाही. सैन्यातील सेवा संपवून अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले, तेव्हा तेथे तीसहून अधिक हातभट्ट्या होत्या. यादवबाबांच्या मंदिरात गाव जमले आणि देवासमोर दारूबंदीचा निर्णय झाला. बहुतेकांनी आपण होऊन भट्ट्या विझवल्या. जे ऐकेनात त्यांच्या भट्ट्या गावातील तरुणांनी मोडल्या. त्यानंतरही जो पिऊन येई त्याला खांबाला बांधून फटके दिले गेले. या फटक्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि कायद्याच्या राज्यात ती होणारच. पण टीकाकारांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली. गावाने आधी भट्टी बंद केली आणि पिणाऱ्याकडे ते नंतर वळले.

भारतीय क्रिकेटने नेमका उलटा क्रम धरला.

१५ मे २०१३ च्या रात्री वानखेडे मैदानावरील सामना आटोपला आणि काही तासांतच दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली. त्यांत मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण होता. ठरलेल्या षटकात ठरलेल्या धावा देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. सप्टेंबरमध्ये नियामक मंडळाने चव्हाण आणि श्रीशांत यांच्यावर आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने या खेळाडूंना आरोपमुक्त केले, पण मंडळाची बंदी कायम राहिली. श्रीशांतची शिक्षा पुढे सात वर्षांवर आली. चव्हाणच्या बाबतीत तसाच निर्णय होऊन त्याला खेळण्याची मुभा मिळाली ती २०२१ मध्ये. फिरकी गोलंदाजाची उमेदीची वर्षे तोवर सरली होती.

ज्याने खेळाशी द्रोह केला त्याला शिक्षा व्हावी, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो त्याच सात वर्षांत भट्टीचे काय झाले, हा. लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये गुरुनाथ मय्यप्पन आणि राज कुंद्रा यांना क्रिकेटपासून आजन्म दूर केले व चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. ती एक चांगली सुरुवात होती. परंतु २०२० साली आयपीएलच्या नावाआधी ड्रीम११ हे नाव झळकले आणि २०२३ मध्ये ते थेट भारतीय संघाच्या छातीवर आले. हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असे न्यायालयांत मान्य झाले हे खरे. तरीही पैसे लावायचे आणि दुसऱ्याच्या खेळावर जिंकायचे वा गमवायचे, हे घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला कायद्याच्या व्याख्येने कसे समजावायचे? ज्या मंडळाचे नियम खेळाडूला पैज लावण्यास मनाई करतात, त्याच मंडळाने त्याच्या अंगावर हा सदरा चढवला.

खेळाडूला या व्यसनाचा धोका इतरांहून अधिक असतो. जोखीम हाच त्याचा पेशा. विशीत हाती अचानक मोठी रक्कम येते आणि दौऱ्यांवर हॉटेलच्या खोलीत रिकामे तास सरता सरत नाहीत. हरल्यानंतर पुढच्या डावात भरून काढू, ही मैदानावर गुण ठरणारी जिद्द पैजेत गळफास होते. शिवाय खेळ आपल्याला कळतो, हा भ्रम असतोच. मग उधारी चढते. ती वसूल करणारा आधी पैसे मागत नाही; खेळपट्टी कशी आहे, उद्या कोण खेळणार, एवढेच विचारतो. माहितीपासून षटकापर्यंतची वाट फार लांबची नसते. हॅन्सी क्रोनिएने २००० साली किंग आयोगापुढे सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याची कबुली दिली, तेव्हा एका राष्ट्रीय संघाचा कर्णधार या वाटेवर किती दूर गेला होता हे जगाला कळले.

युरोपातही हेच ढोंग आहे. इंग्लंडमधील फुटबॉलपटू इव्हान टोनी याने २३२ वेळा नियम मोडून पैजा लावल्याचे मान्य केले आणि मे २०२३ मध्ये त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. त्याला जुगाराचे व्यसन जडल्याचे निदान झाले होते, म्हणून शिक्षा थोडी सौम्य झाली. तो ज्या ब्रेंटफर्ड संघाकडून खेळत होता, त्याच्या सदऱ्यावर पैजा घेणाऱ्या कंपनीचेच नाव होते!

महाभारतकारांना हे ठाऊक होते. युधिष्ठिराचा दोष कोणी झाकलेला नाही. पण हस्तिनापुरातील ती सभा बांधवली धृतराष्ट्राने आणि निमंत्रण धाडले तेही त्यानेच. अनर्थ स्पष्ट दिसत असूनही ते निमंत्रण इंद्रप्रस्थी पोहोचवले विदुराने. राजसभेतला द्यूत म्हणजे प्रतिष्ठित द्यूत, आणि बोलावणे आले असता मागे हटणे क्षत्रियाला अशोभनीय, अशी युधिष्ठिराची समजूत. ऋग्वेदातील अक्षसूक्त तर त्याहून पुरातन. त्यात जुगाऱ्याच्या पत्नीचे आणि आईचे दुःख आहे, डोक्यावरचे कर्ज आहे, आणि त्याला फासे टाकून शेती कसण्याचा सल्लाही आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. सुमारे ४५ कोटी लोक यात दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. राळेगणचा क्रम पन्नास वर्षांनी दिल्लीला पटला, असे म्हणायला हरकत नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण संघाच्या छातीवरचे नाव त्याच महिन्यात उतरले.

तरीही हातभट्टी आणि मोबाइल यांत अंतर आहे. हातभट्टीचा धूर दिसे, वास येई. परदेशातून चालणारे सट्ट्याचे संकेतस्थळ एका नावाने बंद झाले की दुसऱ्या नावाने उघडते, आणि त्याला गिऱ्हाईक मिळवून देतात ते ओळखीचे चेहरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अशाच एका संकेतस्थळाच्या प्रकरणात सुरेश रैना आणि शिखर धवन या माजी खेळाडूंची मिळून ११ कोटींहून अधिक मालमत्ता गोठवली.

इटलीचा सँड्रो टोनाली पैजा लावताना सापडला, तेव्हा २०२३ मध्ये तेथील महासंघाने त्याला दहा महिने मैदानाबाहेर ठेवले. त्यासोबत व्यसनमुक्तीचे उपचार आणि तरुण खेळाडूंपुढे किमान सोळा वेळा स्वतःची चूक सांगण्याचे बंधन घातले. शिवाजी पार्कवर पहाटे किटबॅग घेऊन येणाऱ्या मुलांपुढे, सरावाच्या आधी अर्धा तास, असे कोणाला तरी उभे करायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.