नेसरी : पाच टक्क्यांचा हिशेब कोण मागणार?

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या बाजारपेठेच्या गावातही दिव्यांग मुलाच्या आईवडिलांचा ग्रामपंचायतीशी संबंध बहुधा दाखल्यापुरताच येतो. एरवी त्यांना कोणी काही विचारत नाही.

वास्तविक कायदा त्यांच्या बाजूने आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करायची आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही दिला.

प्रश्न खर्चाच्या रीतीचा आहे. मार्चअखेर यादी काढून सर्वांना सारखी रक्कम वाटली की कागद पूर्ण होतो. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला खुर्ची हवी की थेरपीला जायचे गाडीभाडे, हे तिची आईच सांगू शकते. ते सांगायची जागा ग्रामसभा. मात्र मूल कोणाच्या हवाली करून तिने सभेला यायचे?

आपले कार्यकर्ते मागासवर्गीयांच्या १५ टक्क्यांचा हिशेब ठणकावून मागतात. त्याच जमाखर्चातले हे ५ टक्के मात्र आपल्याही नजरेतून सुटतात. ज्या घरात जात आणि दिव्यांगत्व दोन्हींचा मार आहे, त्या घराला हे दुर्लक्ष दुप्पट महाग पडते.

पुढच्या ग्रामसभेआधी विहारात पालकांची बैठक घ्या. मुलांची नोंद करा, मागण्या लेखी द्या, त्या इतिवृत्तात घ्यायला लावा. आणि विहाराला नुसत्याच पायऱ्या असतील, तर पहिला रॅम्प आपल्याच दारात बांधा.

जय भीम!