ढोलकी नवी नको, जुनीच मढवू या

विद्यार्थी मित्रांनो व भिंतीजवळ थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

शाळेच्या ढोलकीची एक पुडी फाटली आहे. परिपाठाला सध्या नुसते टाळ वाजतात. काही मुले म्हणतात, ही टाका आणि दुकानातली नवी आणा, नट-बोल्टची, प्लॅस्टिकच्या पुडीची. मला असे वाटते की जुनीच मढवून घ्यावी. शिवाय ती शाळेतच, आपल्या सर्वांसमोर मढवावी. का, ते सांगते.

आधी फाटले काय ते बघा. ढोलकीचे तीन भाग असतात. लाकडाचे पोकळ अंग म्हणजे खोड, दोन तोंडांवरच्या दोन पुड्या, आणि त्यांना ताण देणारी दोरी व कड्या. आपल्या ढोलकीचे खोड कुठेच तडकलेले नाही. आमची आजी तर बघून म्हणाली, "खोड चांगलं शे!" पायातली चप्पल झिजली म्हणून कोणी पाय बदलतो का?

खोड तयार करणे सोपे नाही. शिसव, आंबा, बाभूळ अशा झाडाचा एकच ओंडका घेतात. तो चांगला वाळू देतात, कारण ओले लाकूड मागून तडकते. मग वाकसाने व पटाशीने कोरतात. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रावरही कातून काढतात. एक तोंड लहान, एक मोठे. लहान तोंडाकडून चाट वाजते, मोठ्याकडून धुम. असे खोड नीट सांभाळले तर बापाकडून मुलाकडे जाते. पुडी मात्र बकऱ्याच्या कातड्याची, ती कधीतरी फाटणारच. ती बदलता यावी म्हणूनच वाद्य तसे बांधलेले असते.

आता चाटेवरचा काळा गोल आठवा. त्याला शाई म्हणतात, पण ती दौतीतली शाई नव्हे. लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची खळ एकत्र मळून तिचे पातळ थर देतात, आणि प्रत्येक थर दगडाने घोटतात. हे कशासाठी? नुसत्या कातड्यावर थाप मारली तर त्यातून निघणारे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाईचे वजन बसले की ते मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे पाढ्यासारखे लागतात. मृदंग व तबल्यातली ही गोष्ट सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तपासली आणि १९२० साली 'नेचर' या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापली. पुढे १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र प्रकाशावरच्या कामाबद्दल. म्हणजे बघा, आपल्या कारागिरांच्या हाताला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याचे कारण एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने शोधले. विज्ञान शिकायचे तर ही शाई भरताना बघण्यासारखा दुसरा धडा नाही.

दुसरी गोष्ट मानाची आहे. ढोलकीवाचून तमाशा नाही, मृदंगावाचून भजन नाही. शिरपूरच्या पुढे सातपुड्यात होळी पेटली की पावरा व भिल्ल बांधवांचे मोठमोठे ढोल घुमतात. वाद्य सर्वांना हवे, पण कातड्याला हात लावणाऱ्या माणसांना आपल्या समाजाने गावाबाहेर ठेवले. कातड्याने मढवलेला मृदंग देवळात गेला, आणि कातडे कमावणारा पायरीशी राहिला! अमळनेर आपल्या नरडाण्याच्याच रेल्वेमार्गावर आहे. तिथल्या प्रताप हायस्कुलात पूर्वी शिकवलेले साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले, तेव्हा ते दार उघडले. आपल्याला उपोषण करायचे नाही. कारागिराला शाळेत बोलवायचे, खुर्ची द्यायची, चहा द्यायचा, आणि त्यांचे काम मांडी घालून बघायचे. एवढे तर जमेल ना?

दुकानातल्या ढोलकीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. प्लॅस्टिकची पुडी पावसाळ्यात सैल पडत नाही, कातड्याची पडते, हे खरे. पण वाजवून झाल्यावर कड्या ढिल्या केल्या, ढोलकी कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवली, तर पुडी बरीच टिकते. हे काम वर्गांनी पाळीपाळीने करावे. पैशाचे म्हणाल तर दुकानदार आणि कारागीर, दोघांनाही भाव विचारावा आणि मगच ठरवावे.

आणि एक ध्यानात घ्या. दुकानात नव्या ढोलक्या पुष्कळ मिळतील. पण मढवायला कोणी येईनासे झाले की कारागीर दुसरे काम धरतो आणि त्याचा मुलगा ते शिकत नाही. मग एक दिवस गावातली सगळी चांगली खोडे माळ्यावर पडून राहतील, कारण मढवणारा हातच उरलेला नसेल. तो हात पैसे देऊनही विकत मिळत नाही.

म्हणून पालकांना विनंती आहे की येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा. तुमच्या ओळखीत कोणी ढोलकी मढवणारे असतील तर गुरुजींना सांगा. आणि मित्रांनो, तुमचे मत वेगळे असेल तर ते लिहून याच भिंतीवर लावा. भांडू नका, लिहा.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी