छायाचित्राखालची ओळ

एखादे छायाचित्र खरे की खोटे, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा त्या छायाचित्रातच शोधतो. रंग गडद केले आहेत काय, एखादी वस्तू पुसली आहे काय, माणसाला मुद्दाम बसवले आहे काय, एवढे तपासले की आपली चौकशी संपते. छायाचित्रणाचा एक विद्यार्थी म्हणून माझे मत निराळे आहे. असत्य पुष्कळदा चौकटीबाहेरून, चित्राखालच्या ओळीतून शिरते. भाषेचे अभ्यासक या नात्याने ती ओळ उद्या तुम्हांलाही लिहावी लागेल, म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडतो.

डोरोथिया लँग यांचे 'मायग्रंट मदर' हे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. १९३६ साली, महामंदीच्या काळात, कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर ते टिपले गेले. चिंतामग्न आई आणि तिच्या खांद्यांआड तोंड लपवलेली मुले. या चित्राच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरणारा एक अंगठा आला होता. लँग यांनी तो पुढे मूळ निगेटिव्हमधून पुसवून घेतला. अभ्यासक या अंगठ्याची चर्चा आवडीने करतात. मला तो क्षुल्लक वाटतो. अंगठा गेल्याने त्या बाईची भूक कमी झाली नाही की वाढली नाही.

खरी अडचण पुढे आहे. लँग यांनी तिचे नाव विचारले नाही, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. अन्नासाठी या कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असेही त्यांनी लिहिले. कुटुंबाने ते साफ नाकारले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. ती मूळची चेरोकी वंशाची, हेही तेव्हाच उजेडात आले. छायाचित्रे वृत्तपत्रात छापून आल्यावर तळावर सरकारी अन्नसाहाय्य पोहोचले, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु तोवर हे कुटुंब तेथून पुढे निघून गेले होते. लँग यांनाही या चित्राचे मानधन मिळत नव्हते, कारण ते सरकारी मालकीचे होते. तेव्हा लोभाचा आरोप येथे लागू पडत नाही. एक प्रश्न विचारायचा राहिला, एवढेच; आणि त्या रिकाम्या जागेत अर्धे शतक एक 'स्थलांतरित माता' उभी राहिली.

शैलीविषयी मात्र मी उदार आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने दगावलेल्या एका बालकाचे दफन रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपले. राय यांचे प्रसिद्ध चित्र कृष्णधवल, बार्थोलोम्यू यांचे रंगीत. पहिल्यात तो चेहरा काळापलीकडे गेल्यासारखा भासतो, दुसऱ्यात तो कालपरवाचा वाटतो. यांतले खरे कोणते, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. त्या बालकाची ओळख पटली नाही, म्हणून ते 'अज्ञात' राहिले. न कळलेले नाव आणि न विचारलेले नाव यांत फार अंतर आहे.

आपल्याकडेही आषाढी वारीत डोळे मिटून बसलेल्या वृद्धेचे छायाचित्र दरवर्षी कोठे ना कोठे छापून येते. खाली ओळ असते, 'विठ्ठलनामात तल्लीन'. असेलही. कदाचित दुपारच्या उन्हात तिचे पाय दुखत असतील आणि क्षणभर डोळा लागला असेल. 'माउली, नाव काय, गाव कोणते, हे चित्र छापले तर चालेल ना?' इतके विचारण्यास कितीसा वेळ लागतो! ती 'नको' म्हणाली, तर चित्र आपल्याजवळच ठेवावे लागेल. चांगले साधलेले चित्र असे बाजूला ठेवताना हळहळ वाटते, हे मी जाणतो. तरीही माझे मत तेच आहे.