निःशब्द कळफलकाची निवड

टंकलेखन यंत्राचा खडखडाट ही एके काळी कार्यालयीन कामकाजाची खूण मानली जात असे. भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र गोदरेजने १९५५ मध्ये तयार केले आणि २००९ मध्ये त्या यंत्रांचे उत्पादन थांबविले. तोवर टेबलाटेबलावर संगणक स्थिरावला होता. त्याच्यासोबत आलेल्या, कळांखाली रबर असलेल्या स्वस्त कळफलकाने खोल्या बऱ्याच शांत केल्या. परंतु बोटांना मिळणारी निश्चित जाणीवही त्याबरोबर हरपली. कळ तळापर्यंत दाबल्याखेरीज अक्षर उमटल्याची खात्री होईना. दिवसाचे सहा-सात तास टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

या उणिवेमुळेच अनेकांचे लक्ष यांत्रिक कळफलकाकडे वळले. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग व स्विच असतो. स्पर्श स्वच्छ असतो आणि आयुष्यही दीर्घ असते. दोष एकच, आवाज. २०२० नंतर अनेकांचे कार्यालय घरात आले. दोन खोल्यांच्या घरात एक जण अहवाल लिहीत असतो, शेजारी मूल परीक्षेची तयारी करीत असते आणि पलीकडे वडीलधारी मंडळी विश्रांती घेत असतात. अशा वेळी एकाच्या बोटांच्या सुखाची किंमत इतरांच्या कानांनी का मोजावी? कळफलक निवडताना शांततेला पहिल्या क्रमांकाचे स्थान द्यावयास हवे, ते याच कारणासाठी.

स्विचचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला सरळ खाली जाणारा, दुसरा मध्येच हलकासा अडसर जाणवून देणारा आणि तिसरा मुद्दाम ‘टक्’ असा आवाज करणारा. मूळच्या अमेरिकन असलेल्या चेरी कंपनीने त्यांना अनुक्रमे लाल, तपकिरी व निळा हे रंग दिले. सामायिक खोलीत निळ्याचा विचारच करू नये. मात्र लाल वा तपकिरी स्विच घेतला म्हणजे शांतता लाभते, हा समजही अपुरा आहे. कळ तळाला आदळते तेव्हा एक आवाज होतो आणि ती वर परतते तेव्हा दुसरा. ‘सायलेंट’ म्हणून मिळणाऱ्या स्विचमध्ये या दोन्ही ठिकाणी मऊ गादी बसविलेली असते. त्यामुळे कळीचा प्रवास किंचित घटतो. चेरीच्या साध्या लाल स्विचमध्ये तो ४ मिलिमीटर, तर सायलेंट लाल स्विचमध्ये ३.७ मिलिमीटर असतो. कळीच्या टोपीखाली बसवावयाची रबरी कडी केवळ तळाचा आघात सौम्य करते, परतीचा नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. भारतीय मानक ब्युरोने १९९१ च्या मानकात समाविष्ट केलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत ‘क’ साध्या कळीवर, तर ‘ख’ त्याच कळीवर शिफ्टसह मिळतो. ‘खाते’ लिहिताना शिफ्ट एकदा, तर ‘शाळा’ लिहिताना दोनदा दाबावी लागते. हा भार करंगळीवर पडतो. म्हणून सुमारे ४५ ग्रॅम दाबाने काम करणारा हलका स्विच अशा लेखनास अधिक सोयीचा. शिवाय शिफ्ट, एंटर व स्पेस या लांब कळांखाली तोल सांभाळणारी तार असते. ती सैल असेल तर उत्तम स्विच असूनही कळफलक खडखडतो आणि मराठी लेखनात तो खडखडाट वारंवार ऐकू येतो. दुकानात पारख करताना इंग्रजी वाक्याऐवजी मराठी परिच्छेद टंकित करून पाहणे इष्ट.

आवाजाचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. केवळ आवाजावरून कोणती कळ दाबली गेली हे ओळखता येते, असे दिमित्री असोनोव्ह व राकेश अग्रवाल या आयबीएमच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. शांत कळफलक म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. पासवर्डविषयीची सर्व दक्षता त्यानंतरही आवश्यकच आहे.

खर्चाच्या बाबतीत तारतम्य हवे. रंगीत दिव्यांची रोषणाई टंकलेखनाच्या काही कामाची नाही. त्याऐवजी ज्यातील स्विच झाळकामाशिवाय काढून बदलता येतात असा कळफलक घेणे शहाणपणाचे. आवड बदलली वा एखादा स्विच बिघडला, तरी संपूर्ण वस्तू टाकून द्यावी लागत नाही. नवी खरेदी करण्यापूर्वी आहे त्याच कळफलकाखाली जाड मऊ चटई घालून पाहावी. टेबलाचा पृष्ठभाग आवाज वाढवितो, हे तेव्हा ध्यानात येते. कळ जेमतेम निम्मी दाबली जाताच बहुतेक यांत्रिक स्विच अक्षर नोंदवितात. म्हणून हलक्या हाताने टंकन करण्याची सवयही तितकीच उपयुक्त आणि तिला पैसे पडत नाहीत.

महागड्या वस्तूची खरेदी बहुधा स्वतःच्या सोयीचा विचार करून होते. कळफलक हाताळणारा एक असला तरी तो ऐकणारे अनेक असतात. तेव्हा निवड करताना घरातील अथवा शेजारच्या टेबलावरील व्यक्तीचे मत अवश्य घ्यावे. बोटांना समाधान आणि सोबत्यांना स्वस्थता देणारा कळफलक आज उपलब्ध आहे. त्यासाठी चार पैसे अधिक मोजणे मुळीच गैर नाही.