तीनच गोष्टी मोजता, मग विष कोण मोजणार?



मागच्या बैठकीत परळीच्या राखेचा विषय निघाला, तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणाले, "हे पर्यावरणवाल्यांचं काम हाय. आपला लढा पट्ट्याचा, सातबाऱ्याचा. त्यात राख कशाला आणता?" तेव्हा मी गप्प बसलो. आज लिहून उत्तर देतो.

आधी राखेचं पाणी म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या देशातल्या शंभर किलो कोळशामागे तीस ते पंचेचाळीस किलो राख निघते. त्यातली बरीच राख पाण्यात कालवून पाइपातून तळ्यात सोडतात. परळी केंद्राची अशी तळी दाऊतपूर आणि दादाहरी वडगावच्या बाजूला आहेत. राख खाली बसते. वरचं पाणी परत केंद्रात नेऊन वापरायचं असतं. नाही नेलं तर ते सांडव्यावरून नाल्यात जातं. तळाला अस्तर नसेल तर झिरपून विहिरीत उतरतं. कोळशात आर्सेनिक, शिसं, सेलेनियम, पारा थोडा थोडा असतोच. कोळसा जळून जातो, पण हे जळत नाहीत. काही धुरातून जातात, काही राखेत राहतात.

आता कायदा काय मोजतो ते बघा. १९८६ च्या पर्यावरण नियमांत औष्णिक वीज केंद्रांचा वेगळा तक्ता आहे. त्यात राखतळ्याच्या पाण्याला तीन मर्यादा: सामू ६.५ ते ८.५, तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅम. संपलं! आर्सेनिक नाही, पारा नाही, शिसं नाही. म्हणजे पाणी दिसायला निवळ असलं आणि त्यावर तेलाचा तवंग नसला की साहेब सांगणार, "पाणी मर्यादेत आहे." साहेब खोटं बोलत नसंल. पण ज्याची मर्यादाच लिहिली नाही, ते मर्यादेत आहे का हे ठरवणार कसं?

दुसरी गोष्ट पाण्याची. ७ डिसेंबर २०१५ ला केंद्र सरकारनं नियम काढला की जुन्या केंद्रांनी एक हजार युनिट विजेमागे साडेतीन हजार लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. १ जानेवारी २०१७ नंतरच्या नव्या केंद्रांनी तर सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडू नये. नव्याला थेंबाची बंदी, जुन्याला मोकळीक! जुन्या केंद्राखालच्या गावातली माणसं वेगळं पाणी पितात काय? आणि साडेतीन हजार लिटर म्हणजे किती? २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण चालला तर दोन कोटी दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे २,१०० टँकर, रोज. परळीला हे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून येतं. २०१३ ला आणि २०१५ ला पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले. ज्या मराठवाड्यात बाया घागरीसाठी रात्र जागतात, तिथं वापरलेलं पाणी धुऊन पुन्हा वापरा, हे सांगायला आंदोलन करावं लागतं.

तिसरी गोष्ट. "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी नागपूरकडं बघावं. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राखतळ्याचा बांध फुटला. राखेचं पाणी शेतांत गेलं, कोलार नदीत गेलं, तिथून कन्हानला. कन्हानचं पाणी नागपूर शहर पितं. अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये टेनेसी राज्यात किंग्स्टनला असाच बांध फुटला. पुढं २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं केंद्रातला धूर धुतलेल्या पाण्यात आर्सेनिक, पारा, सेलेनियम किती चालेल याचे आकडे ठरवले. म्हणजे हे मोजता येतं. मोजायचं नाही, एवढंच आपल्याकडं ठरलंय.

आता पट्ट्याचं. प्रकल्पाला राख टाकायला जागा लागली की सरकारला आधी गायरान दिसतं, पडीक दिसतं. ते पडीक कोण कसतं? आपण. आणि समजा, लढून पट्टा मिळाला, सातबाऱ्यावर नाव लागलं, पण विहिरीत राखेचं पाणी उतरलं, तर त्या सातबाऱ्याचं काय करायचं? वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ वाचा. पाण्याचे साठे आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला आणि हक्कधारकाला दिलाय. म्हणजे जमिनीचा हक्क देणाऱ्या कायद्यानंच पाणी आपल्या हवाली केलंय. मग पाण्याचं काम दुसऱ्याचं कसं?

आणि लोहा-कंधारच्या साथींनो, परळी लांब नाही. गंगाखेड-पालमच्या रस्त्यानं सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचतो माणूस. तिकडचं पाणी उतारानं गोदावरीलाच येतं, आणि गोदावरी खाली नांदेडला जाते.

केंद्र बंद करा, असं आपण म्हणत नाही. तिथं हजारो मजुरांची चूल पेटते, त्यातले काही आपलेच आहेत. आपण एवढंच म्हणतो:

१) १९७४ च्या जल कायद्यानं प्रदूषण मंडळाला संमतीपत्रात जादा अटी घालता येतात. राखतळ्याच्या पाण्यात आर्सेनिक, पारा, शिसं, सेलेनियम मोजायची अट घाला.
२) नमुना गावकऱ्यांसमोर घ्या. बाटलीवर सील आणि सरपंच, तलाठी यांच्यासोबत दोन बायांच्या सह्या.
३) निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दर महिन्याला.
४) तळ्याभोवतीच्या विहिरी तपासा. वाईट निघाल्या तर केंद्राच्या खर्चानं पाणी द्या.
५) जुन्या केंद्रांनाही सांडपाणी बाहेर सोडायची बंदी करा.

साथींनो, पुढच्या बैठकीला येताना माहिती अधिकाराचा कोरा अर्ज घेऊन या. परळीचं संमतीपत्र आणि मागच्या तीन वर्षांचे पाणी तपासणीचे अहवाल मागायचेत. एक अर्ज दाबता येतो, शंभर दाबता येत नाहीत. लिहिता येत नसलं तरी या, लिहायला आम्ही बसू.

जमीन आमच्या हक्काची, पाणीही आमच्या हक्काचं!