सांडा, धब आणि आपण



वसंतात सौदीतल्या आपल्या मंडळींच्या वाळवंटी सहलींचे फोटो येऊ लागतात. त्यात कधी जीपच्या बॉनेटवर ओळीने मांडलेले, काटेरी शेपटीचे मोठे सरडेही असतात, आणि खाली लिहिलेले असते, ‘घोरपड पार्टी’.

ती घोरपड नव्हे. घोरपड मांसाहारी, हा धब पाने, फुले, बिया खाऊन जगतो. कच्छ-राजस्थानातला सांडा त्याचा जवळचा नातलग. मुंबईच्या फुटपाथवर सांड्याचे तेल विकणाऱ्यांना आपण भोंदू म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मग धबाच्या बाबतीत गप्प का?

बदूंनी धब खाणे ही शतकांची रीत आहे. तिच्यावर नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. (शाकाहाराच्या सोवळ्यातून तर नाहीच नाही.) पण पूर्वी माणूस बिळाशी ताटकळत बसे. आता फोर-व्हील गाड्या, बंदुका आणि बिळात ओतायला पाण्याच्या टाक्या आल्या. वयात यायला काही वर्षे घेणारा, बिळाच्या आसपासच राहणारा प्राणी याला कसा पुरणार? आययूसीएनच्या यादीत तो ‘असुरक्षित’ आहे. साइटिस करारात त्याच्या प्रजातीगटाचा व्यापार 1977 पासून नियंत्रित आहे.

ताइफच्या पूर्वेला, 1988 साली संरक्षित झालेले महाझत अस-सैद हे सुमारे 2,244 चौरस किलोमीटरचे कुंपणबंद क्षेत्र आहे. उंट, शेळ्या आणि जीपा बाहेर राहिल्यावर तिथे झुडपे परतली. ओरिक्स हरणे परत सोडली, त्याची बातमी जगभर झाली. धबाची बिळे मोजत, त्याच्या अंगाचे तापमान नोंदत उन्हात बसलेल्या संशोधकांची मात्र झाली नाही. त्यांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. कुंपणाबाहेरच्या धबांविषयी इतक्या बारकाईने कोण लिहिणार?

सौदीत 2019 पासून राष्ट्रीय वन्यजीव केंद्र आहे आणि परवान्याशिवाय शिकार हा गुन्हा आहे. इकामा जाईल या भीतीने कुणी थांबले तरी मला चालेल, पण समजून थांबले तर जास्त आवडेल. शिकारीचे आमंत्रण आले तर नम्रपणे नाही म्हणा. जिवंत धब दिसला तर लांबून फोटो घ्या, तारीख आणि वेळ टिपून ठेवा, आणि नोंद अभ्यासकांपर्यंत पोहोचवा. बिळाची नेमकी जागा मात्र फेसबुकवर टाकू नका. ती शिकारीही वाचतात.