बाटलीवर पोर्तो, आत बंगळूर

म्हैसूरला गेलेलं मराठी कुटुंब रेशमी साडी पाहिल्याशिवाय परतत नाही. सरकारी कारखान्याच्या दुकानात साडी उलगडली की विक्रेता आधी तिचा क्रमांक दाखवतो. प्रत्येक साडीला स्वतःचा क्रमांक, कारण ‘म्हैसूर सिल्क’ हे नाव भौगोलिक मानांकनानं राखलेलं आहे. मल्लिगे मोगरा, विड्याचं पान, नंजनगुडचं रसबाळे केळं, चंदनाचा साबण यांनाही तेच संरक्षण. नाव कसं जपावं, हे या शहराकडून शिकावं.

हेच कुटुंब पुढच्या सुट्टीत गोव्याला जातं आणि येताना दोन बाटल्या ‘पोर्ट’ आणतं. तिथे मात्र नावाची चौकशी कुणी करत नाही.

खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीकाठच्या डोंगरांतली. पाटीसारखा खडक फोडून उतारावर पायऱ्या केलेल्या, त्यावर तोरिगा नासिओनाल, तिंता रोरिश अशा जातींच्या वेली. रस अर्धा आंबला की त्यात द्राक्षाचंच कडक मद्य ओततात. आंबणं तिथेच थांबतं आणि गोडी शिल्लक राहते. या मळ्यांच्या हद्दी १७५६ पासून आखल्या गेल्या, ग्रॅनाइटचे खांब रोवून. पोर्तो शहरातून जहाजांवर चढली म्हणून ती पोर्ट.

गोव्यातल्या बऱ्याच ‘पोर्ट’मधलं द्राक्ष मात्र कर्नाटकातलं, बंगळूर ब्लू. चिक्कबळ्ळापूर, देवनहळ्ळी या नंदी डोंगराच्या परिसरात ते पिकतं. जाड सालीचं, गर्द जांभळं, बियांचं. चिमटीत दाबलं की गर टुपकन बाहेर येतो आणि साल बोटांत राहते. बोटं काळीनिळी होतात ती वेगळीच. मूळ अमेरिकी लाब्रुस्का कुळातलं, इझाबेला या द्राक्षजातीचं भावंड. त्या इझाबेलाची वाइन युरोपीय संघात वाइन म्हणून विकता येत नाही! वाइनचे जाणकारही या द्राक्षांच्या वासाला नाक मुरडतात. मुरडोत बापडे. गोव्याच्या सासष्टीतल्या लग्नघरी ही गोड वाइन त्यांना विचारून ओतली जात नाही.

बंगळूर ब्लूला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाटलीच्या दर्शनी बाजूला झळकतं ते पोर्तुगालच्या बंदराचं नाव. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले, लेबल राहिलं. उद्या कुणी सुरतेच्या कापडाला ‘म्हैसूर सिल्क’ म्हटलं तर आपण खपवून घेऊ का? गोव्याच्या वाइन उत्पादकांनी ‘पोर्ट’ हा शब्द काढावा आणि त्या जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ‘बंगळूर ब्लू’ छापावं.